बावीसची फ्रेम

रविवार, १४ तारीख

प्रिय आई,

नमस्कार. आज सुट्टी होती. सकाळी कपडे धुतले आणि दुपारी लांबच्या प्रवासाला चालेल अशी सायकल घेतली. बाबा गेले, तरी त्यांच्याबरोबर ठरवलेला प्रवास करावा म्हणतो. काळजी करू नकोस. टायर रुंद आहेत, चढासाठी हलके गिअर आहेत.

दुकानात मी सवयीने चोवीस इंचांची फ्रेम मागितली. दांडी ओलांडून उभा राहिलो, तर टाचा जमिनीला टेकेनात. दुकानदार म्हणाला, "साहेब, माप कोणाचं सांगताय? पाय तर स्वतःचेच आणलेत ना?"

चोवीसची बाबांची होती. शाळेपासून तीच चालवली, म्हणून माझंही माप तेच वाटत आलं. दुकानातली चोवीसची परत करायला मन होईना. शेवटी बावीसची घेतली. गुडघे दुखवून घेतले असते, तर बाबाच रागावले असते.

तुला झोप लागते का? त्यांची सायकल एवढ्यात कोणाला देऊ नकोस.

सीटची उंची ठरवताना बाबा हँडल धरून उभे राहायचे. आज खोलीत मी एका हाताने भिंत धरून सीटवर बसलो, टाच पॅडलवर ठेवून पाहिली, उतरून सीट बोटभर वर केली आणि पुन्हा भिंत धरून बसलो.

तुझा,
धाकटा