चाळणीतला कार्बोरेटर

दादा,

बाबांना टॅक्सीने दवाखान्यात नेतेय. आपल्या गाडीचा कार्बोरेटर माझ्या पिठाच्या चाळणीत निथळत पडलाय आणि तू फोन घरीच विसरून सुटे भाग शोधत हिंडतोयस. आज त्यांना न्यायचंय हे माहीत असून सकाळी सकाळी तो खोलायची अवदसा कुठून आठवली तुला?

गाडी जरा खोकली की लगेच बॉनेटला कान लावतोस. बाबा आठवडाभर भिंतीपलीकडे खोकतायत, तेव्हा कानात बोळे घातले होतेस?

आत्ता चपला घालतानाही त्यांना धाप लागली. तरी म्हणतायत, "त्याला लिही, मिक्स्चरचा स्क्रू अलगद बसव, करकचून आवळू नकोस."

लिहिलं. आता गाडी तशीच टाक आणि दवाखान्यात ये.

चालत.