कुणाचे दगड हलवायचे

बाबा, काल काका आले होते. तुमच्या खुर्चीत, माशांच्या टाकीसमोर बसले आणि म्हणाले, "दादा असता तर तोच हिला हाताला धरून पोचवून आला असता." हिला म्हणजे ताईला. महिन्याभरापूर्वी ती मुलुंडचं सासर सोडून एका पिशवीनिशी चारकोपला निघून आली, आणि काका तिला परत न्यायला आले होते. मला त्यांचा तेवढा राग आला नाही. तुमचा आला, कारण ते खरं बोलत होते.

कारखान्यातून घरी आलात की चपला काढायच्या आधी तुम्ही टाकीकडे बघायचात, आमच्याकडे नंतर. एक खोली नि स्वयंपाकघर एवढ्याशा घरात चार फुटांची टाकी, आणि तिच्यातही गप्पीसारखे गरीब मासे नाहीत, सगळे लहान चणीचे शिकारी. पट्ट्यापट्ट्यांचे कॉन्व्हिक्ट, लाल गळ्याचे फायरमाउथ, ठिपक्यांचा ज्युएल. दुकानदाराने सांगितलं होतं, हे एकत्र नांदायचे नाहीत, एकमेकांना फाडतील. तुम्ही नांदवून दाखवलेत. "एकच गुंड ठेवला तर तो भाई होतो," तुम्ही म्हणायचात, "आठ ठेवले की कमिटी होते." तुमचे नियम मला अजून पाठ आहेत. दुसऱ्याच्या तोंडात मावेल असा मासा आणायचा नाही. प्रत्येकाला लपायला स्वतःची जागा हवी, म्हणून मडक्याची खापरं आणि पाइपाचे तुकडे माशांपेक्षा जास्तच टाकायचे. दाणे दोन्ही टोकांना एकदम टाकायचे, म्हणजे कुणी एकटा खाण्यावर राखण करत बसत नाही. आणि नवा मासा सोडायचा असेल तर आधी आतले सगळे दगड हलवायचे.

मी शाळकरी पोर आहे. तुम्ही बाही दुमडून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आहे आणि मी टॉवेल धरून उभी आहे. मी विचारते, "त्यांची घरं का मोडताय?" तुम्ही म्हणता, "मोडत नाही गं. जुन्यांना वाटतं, हा दगड माझा, तो कोपरा माझा. मग नवा आला की सगळे मिळून त्याला झोडतात. दगड हलवले की सगळेच नवे. कोण कुणाला हाकलणार?" मला तेव्हा वाटलं होतं, माझ्या बाबांइतका न्यायी माणूस दुसरा नसेल. आज ते आठवलं की अंगाचा भडका उडतो.

कारण मग ताईचं लग्न झालं. स्थळ चांगलं आहे म्हणून तुम्ही तिचं कॉलेज थांबवलंत. मांडवात व्याह्यांपुढे हात जोडून म्हणालात, "पोर लहान आहे, सांभाळून घ्या," आणि तिला बाजूला घेऊन सांगितलंत, "तिथल्या रीतीनं राहायचं." त्या घरात कुणी काही हलवलं नाही, बाबा. कपाटातला एक कप्पा तिच्यासाठी रिकामा झाला नाही. तिचे कपडे पलंगाखाली पिशवीत असायचे. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती ओट्याशी उभी राहून जेवायची, उरलं असेल ते. हे तुम्हाला माहीत होतं. आईने तुम्हाला माझ्यासमोर सांगितलं होतं.

आणि तो रविवार. ताई दोन बस बदलून आलेली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेली, आई तिच्या मनगटाला आंबेहळद लावत होती. तुम्ही मोरीकडे जाता जाता टाकीपाशी थबकलात. ज्युएलने एका फायरमाउथची शेपटी कुरतडली होती. एवढीशी शेपटी, पण चालता चालता दिसली तुम्हाला. लगेच जाळी घेतलीत, त्याला मोरीतल्या निळ्या टबात काढलंत, हवेची नळी सोडलीत, चिमूटभर मीठ टाकलंत, वर वर्तमानपत्र झाकलंत. "राहू दे थोडे दिवस एकटा. शेपटी भरली की बघू." मग हात पुसत ताईकडे वळलात.

"नव्या घरात थोडी टोचाटोची होतेच. सवय होईल."

"बाबा, तो मारतो," ताई म्हणाली.

"तू उलट बोलत असशील."

त्याच संध्याकाळी तुम्ही तिला मुलुंडला सोडून आलात. मासा मात्र मोरीतच राहिला. शेपटी भरेपर्यंत आम्ही त्या टबाच्या कडेने अंग चोरून अंघोळी केल्या. माशासाठी आपल्या घरात जागा झाली.

तुम्हाला कळत नव्हतं, असं असतं तर मी सोडून दिलं असतं. अडाणीपणाला किती दोष देणार? पण तुम्हाला कळत होतं. एखादा जीव कोपऱ्यात का चिकटून राहतो, रंग का सोडतो, खाणं समोर असून पुढे का येत नाही, हे तुम्ही दुसऱ्यांना समजावून सांगायचात. मी बारावीत असताना तुम्ही गेलात. माझं भांडायचं वय झालं तेव्हा भांडायला तुम्ही नव्हतात, आणि श्राद्धाला जो तो म्हणतो, देवमाणूस होता. ताई मुलुंडलाच राहिली. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले, त्या दिवशीही तिला सासरहून सोडलं नाही.

म्हणून काल मी काकांना सोडलं नाही. बायकांना मदत करणाऱ्या ज्या संस्थेत काम करते तिथे शिकलेलं सगळं बोलले. तक्रार कुठे करायची, पोटगी कशी मागायची, हात उगारला तर काय होतं. काका हसून गावच्या बोलीत म्हणाले, "काय गो, शिकलंस म्हणान आता आमका शिकवतलंस?" मी म्हटलं, "हो. ती जाणार नाही. हा विषय इथे संपला." आई दाराआड उभी राहून ऐकत होती. काका चहा अर्धा ठेवून उठले. मला जिंकल्यासारखं वाटलं.

ताई सगळा वेळ तिथेच, खाली बसून मेथी निवडत होती. काका गेल्यावर मान खाली ठेवूनच म्हणाली, "मला एकदा विचारायचंस तरी."

"म्हणजे तुला जायचंय?"

"नाही जायचंय. मेले तरी जाणार नाही. पण तू मला विचारलंस का? महिना झाला मी इथे आहे. बाबा बोलले, काका बोलले, आता तू बोलतेस. तुझ्या संस्थेत पण असंच करता का गं?"

मी चिडून म्हणाले, "तुझ्याच बाजूने बोलले ना मी." ती म्हणाली, "हो, माहीत आहे," आणि मेथी घेऊन आत गेली.

तुमच्यावर लिहिलेलं यातलं एक अक्षरही मी मागे घेणार नाही. पण बाबा, खरं सांगायचं तर हे लिहायला बसले ते तिला काय उत्तर द्यावं ते सुचेना म्हणून. तुमच्याशी भांडणं सोपं आहे, तुम्ही उलट बोलत नाही. ती इथे चार पावलांवर भांडी घासते आहे. उठून तिच्यापाशी जायला हवं, आणि मी अजून इथेच बसले आहे.