कॉम्प्युटरचा आवाज नीट आहे

आई,

कॉम्प्युटरचा आवाज नीट आहे. पौडच्या दुरुस्तीवाल्याने आज दुपारी तसं ठामपणे सांगितलं. त्याने माझ्यासमोर खोका उघडला, आतली काजळी ब्रशने झाडली, आधी स्वतःचे स्पीकर जोडून पाहिले आणि मग आपले स्पीकर त्याच्या मशीनला लावून पाहिले. दोन्हीकडून खणखणीत आवाज आला. मी विचारलं, मध्येच येतो, मध्येच जातो असं काही आहे का. नाही म्हणाला. वायर सैल असेल, आतला एखादा टाका सुटला असेल? तोही नाही. काहीतरी सापडू दे म्हणून मी त्याच्या मागेच लागले. शेवटी तो हसून म्हणाला, "ताई, लोक बिघाड नको म्हणतात, तुम्हाला हवाच आहे का?" मी खोका गाडीत ठेवला आणि वाडीकडे निघाले.

हा तोच कॉम्प्युटर, आई. आमच्या ऑफिसने काढून टाकला म्हणून मी घरी आणला तो. तुझ्या गोधडीत गुंडाळून जीपमधून आला आणि पहिल्याच श्रावणात मुका झाला. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले होते. तू चुलीपाशी भाकरी थापत होतीस. तिथूनच ओरडलीस, "आदी ऊब दे, मग उघड. ओल धरलीया त्यानं." मी म्हटलं, हे यंत्र आहे, भोपळ्याचं बी नाही. तुझ्या चुलीवर राख चोळलेल्या बियांची गाठोडी टांगलेली असायची. त्यांच्याकडे बोट करून तू म्हणालीस, भिजलं की समदंच गारठतं. मग तू खोका पाटावर ठेवलास, चुलीपासून हातभर लांब. फार जवळ नेलं तर बी मरतं, हे सांगायला विसरली नाहीस. मधूनमधून त्याची बाजू फिरवत होतीस. संध्याकाळी मी बटण दाबलं आणि त्याने सुरुवातीची धून वाजवली. सगळी वाडी हसली. तू हसली नाहीस, कारण तुला त्यात नवल वाटलंच नव्हतं.

पुढचं तुला माहीत नाही. तू गेल्यावर काही वर्षांनी आबांचे डोळे गेले. काचबिंदू होता, कळेपर्यंत उशीर झाला. त्यांचा दिवस जाईना, म्हणून मी या कॉम्प्युटरमध्ये वाचून दाखवणारा आवाज घातला. बाईचा आवाज आहे, सपाट, न थांबता वाचणारा. बटणांवर मी डिंकाचे ठिपके दिले आणि आबा बोटांनी चाचपत शिकले. सकाळी चहाबरोबर पेपर, दुपारी भाताचे आणि पावसाचे अंदाज. तिला ते 'बाई' म्हणतात, तिच्याशी भांडतात. मी लिहिलेली बातमी आली की फोन येतो, "तुजी बातमी वाचली बाईनं. लई भराभरा वाचती, जरा धीर धर म्हणावं तिला."

ताम्हिणी घाटाच्या अलीकडचा हा पाऊस, त्यामुळे आवाज दर वर्षी जायचाच. आबा तुझ्या रीतीने खोका चुलीपाशी ठेवायचे. ओल जायची, पण धूर आत जायचा. एकदा हेडफोनच्या भोकात काजळी इतकी साचली की कॉम्प्युटरला वाटे कुणीतरी हेडफोन लावलेत, आणि तो स्पीकरला काही द्यायचाच नाही. काडीला कापूस गुंडाळून ते भोक साफ करायला मी शिकले. एकदा उंदराने वायर कुरतडली. एकदा आवाजाचं सॉफ्टवेअरच उडालं. बावधनच्या माझ्या घरून यायचं, शोधायचं, सापडायचं, परत जायचं. म्हणून या वर्षी आबांचा फोन आला, "बाई बोलंना गं," तेव्हा मला काही वाटलं नाही.

आले, लावला, तर आवाज येत होता. मी म्हटलं, आबा, चालू आहे की. ते म्हणाले, लई खोल गेलाय. मी वाढवला. मान कलती करून ते म्हणाले, हां, आता आला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मी स्पीकर बदलले, भोक पुसलं, सॉफ्टवेअर काढून नव्याने घातलं. प्रत्येक वेळी मला नीट ऐकू येई, त्यांना खोल. मी निघाले की शेजारच्या काकू कुंपणापाशी गाठायच्या. मागच्या वेळी म्हणाल्या, "तुमची बाई आमच्या म्हशीलाबी बातम्या सांगती. म्हस दूध कमी द्याया लागली." मी हसले. हसत हसत गाडीत बसले आणि चांदणी चौक येईपर्यंत एकच डोक्यात होतं: गोठ्यातल्या म्हशीला ऐकू जातं ते आबांना खोल. तरी मी पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीलाच नेला. आबांना कुठे नेलं नाही.

आज परत आले तेव्हा पाऊस कौलांवर ताशा वाजवत होता, त्यात गाडीचा आवाज बुडाला असेल असं मी स्वतःला सांगितलं. दार उघडंच होतं. आबा चुलीपुढे पाटावर बसले होते, उजवा कान आचेकडे करून. हातभर लांब. जरा वेळाने त्यांनी बैठक फिरवली आणि डावा कान आचेकडे केला. तू खोका फिरवायचीस तसा. मी उंबऱ्यात उभी राहिले. त्यांना मी आल्याचं कळलंच नाही. म्हणजे त्यांना केव्हाचंच ठाऊक होतं, आई. फोनवर आपल्या कानांऐवजी बाईचं नाव सांगत होते एवढंच.

मी खांद्याला हात लावला तेव्हा आबा दचकले. मग विचारलं, "झाली का नीट?" मी मोठ्याने म्हटलं, झाली. तिला काही झालेलंच नव्हतं. ते चुलीतलं लाकूड चाचपून मागे ओढत राहिले. मी कानाजवळ तोंड नेऊन सांगितलं की उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं आहे. मला वाटलं नाही म्हणतील. ते म्हणाले, "डोळं गेलं तवा बाई आनलीस. कान गेल्यावं काय आनशील?"

मळ साचला असेल, मी म्हटलं, त्या भोकात काजळी साचली होती तसा. ते हसले, खरोखर हसले. म्हणाले, मंग काडीला कापूस गुंडाळ की. पण मळ नसेल तर काय, याचा विचार मी अजून पुढे जाऊ दिलेला नाही. तू असतीस तर त्यांच्या हातावर बोटाने काहीतरी खूण केली असतीस आणि त्यांना ती कळली असती. आमच्यात तशा खुणा नाहीत. सगळं बोलूनच झालंय, तेही फोनवर.

हे मी त्याच कॉम्प्युटरवर लिहिते आहे. बाई प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणते, म्हणून लिहायला बसताच मी आवाज बंद केला. आबा शेजारच्या खाटेवर आडवे आहेत, जागे आहेत. बंद करायची गरज नव्हती कदाचित. तरी केला. सकाळी चहा घेऊन आम्ही निघू. त्याआधी आबा पेपर लावतील आणि कान पुढे करून बसतील, म्हणून उठण्यापूर्वी हे सगळं पुसून आवाज पुन्हा चालू करायचा आहे, शेवटपर्यंत वर.