राजा मेशाचं चौथं अक्षर

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
आजपासून रोज लिहायचं. उद्या जग तारीखवार विचारेल, तेव्हा गडबड नको.
सापडला! अंगणातल्या टाक्याच्या तोंडावरचा काळा दगड, ज्यावर बसून मी आयुष्यभर बूट काढले, तो आज उलटला. खालच्या अंगाला अक्षरं! गोल, काठी, फुली. पुढे तुटलंय.
धिबानच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की अठ्ठावीसशे वर्षांपूर्वीच्या आपल्या मोआबी राजा मेशाचा शिलालेख गावकऱ्यांनीच एकेकाळी तापवून, वर गार पाणी ओतून फोडला. जोडलेला पॅरिसला आहे. काही तुकडे बेपत्ता. म्हणजे, कालपर्यंत होते.
मोआबी लिपीत मेशाच्या नावाची अक्षरं तीन, शेवटचं गोल. आधीची दोन इथे नाहीत. म्हणजे तुटली. म्हणजे होती! भूगोलाचा मास्तर असलो तरी एवढा इतिहास मला कळतो.
संकल्प: कुणालाही सांगायचं नाही. पुरातत्त्व खात्याला उद्या कळवायचं.

शनिवार, ५ ऑक्टोबर
हिला सांगितलं. मेहुणा मिख्लिद आला होता, त्यालाही. भाजीवाल्याकडे विषय निघाला म्हणून तिथे.
मिख्लिद म्हणाला, दाजी, खाली तुर्कांनी पळताना पुरलेलं सोनं असणार, ते काढा, अक्षरं राहू द्या. काय ही पातळी!
हिला समजावलं. उम्म राकान, म्हणजे राकानच्या आई, बायबलात आपला राजा म्हणजे मेंढ्यांची खंडणी भरणारा. स्वतःची बाजू त्याने दगडावर लिहिली, आणि तिचा तुकडा आपल्या अंगणात! ही म्हणाली, मेंढ्यांवरून आठवलं, टाकं उघडं ठेवलंत ना, मिख्लिदची बकरी आत पडलीय.
खात्याला उद्या.

रविवार, ६ ऑक्टोबर
बकरी सुखरूप. मिख्लिद लंगडतोय. मोठ्या शोधांना अशी किंमत मोजावीच लागते.

बुधवार, ९ ऑक्टोबर
दगड टूथब्रशने साफ केला. ब्रश नौफचा निघाला. माझी मुलगी, सरकारी दवाखान्यात औषधं देते, स्वच्छतेचं जरा वेडच आहे तिला. नवा आणून देणार आहे.
तिने आज पुन्हा सत्तामचा विषय काढला. त्याच्या घरची जाहा, म्हणजे मागणी घालायला येणारी वडीलधारी मंडळी, केव्हा येऊ विचारतायत. मुलगा वाईट नाही. पाणीखात्यात इंजिनीयर, घराणं पूर्वेकडच्या माळावरचं, उंटवालं. पण आत्ता? एकदा संग्रहालयात आपलं नाव लागू दे, मग राजदूतांची पोरं दारात रांग लावतील. हे नौफला शांतपणे समजावलं. तिला पटलं. उठून आत गेली. वाऱ्याने दार जोरात आपटलं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
अम्मानच्या प्रोफेसरांना फोटो पाठवले होते. उत्तर आलं! "रोचक. धन्यवाद." रोचक! हे लोक सहसा एवढंही बोलत नाहीत.
अकाब्याहून थोरल्याचा, राकानचा फोन. बाबा, झोप लागते ना नीट? काळजी घेतो बिचारा.

सोमवार, २८ ऑक्टोबर
प्रोफेसरांकडून पुढे काही नाही. तिकडे खळबळ माजली असणार.
नौफ जेवणाच्या ताटावरून उठून जाते. दवाखान्यात काम फार. ही म्हणाली, मुलगी झुरतेय आणि तुम्ही दगड घासताय, त्या दगडालाच विचारा तिचं लग्न लावतो का! म्हटलं, थोडा धीर धर. ही म्हणाली, धीर मी लग्नापासून धरलाय.
रात्रभर वाईट वाटलं. निदान बारापर्यंत तरी.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर
सुचलं! जाहा म्हणजे पंचक्रोशीतली सगळी वजनदार माणसं, एका खोलीत, आपल्या दिवाणखान्यात. आयती परिषद! ताबडतोब होकार कळवला. पंधरा तारखेला या म्हटलं. नौफने गळ्यात हात टाकले. तिलाही परिषदेची कल्पना आवडलेली दिसते.
संकल्प: भाषण लहान ठेवायचं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
अद्भुत दिवस.
सगळे आले. शेख अबू मितअब, सत्तामचे चुलत आजोबा, मधोमध बसले. कॉफीचा पेला हातात घेतला, न पिता खाली ठेवला, आणि नौफला मागणी घातली. रिवाज असा, की मी "कॉफी घ्या" म्हणायचं, म्हणजे होकार. पण मी आधी टेबलक्लॉथ उचलला. खाली दगड!
भाषण थोडं लांबलं. कोणी जागचं हललं नाही. (पेला भरलेला असताना कोण उठणार, ही म्हणते. हिला काय कळतंय!) मग अट घातली: हा दगड राजाचा, असं सर्वांसमोर म्हणा, मुलगी तुमची.
पडद्याआड कपबशी फुटली.
शेख उठले. दगडाजवळ आले. बोटाने अक्षरं गिरवली, चौथ्या तुटक्या जागेवर थांबले. म्हणाले, अबू राकान, ही अक्षरं आमच्या चांगल्या ओळखीची आहेत. माझ्या आजोबांनी आयुष्यभर हीच लिहिली. आणि तुम्ही म्हणाल, तो राजा.
काय विनय! माळावरच्या उंटवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मोआबी लिपी जपली, आणि विद्यापीठाला पत्ता नाही! मला भरून आलं. घ्या कॉफी, म्हटलं. थंडगार झाली होती. सगळे हसत प्यायले. काही जण फारच हसले. आनंदी माणसं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर
खात्याला कळवायचं राहून गेलं. बरंच झालं.
सकाळी सत्ताम आला. नौफला भेट म्हणून शेखांनी पाठवलेली पांढरी उंटीण घेऊन. दारातून आत येताना ती वळली.
मांडीवर तापल्या लोखंडाने दिलेला डाग. गोल, काठी, फुली. आणि शेवटी चंद्रकोर, पूर्ण, कुठेही न तुटलेली.
मी बराच वेळ चौथ्या अक्षराकडे बघत होतो.
सत्तामने मान खाली घालून सांगितलं. त्यांच्या घराण्याची खूण. एका दुष्काळात माझ्या आजोबांनी त्यांच्या उंटांना ह्या टाक्याचं पाणी दिलं, आणि ती खूण दगडावर कोरायला लावली. म्हणजे त्यांच्या उंटांना इथल्या पाण्यासाठी पुन्हा विचारायला नको. मग शेख तेव्हा बोलले का नाहीत, मी विचारलं. यजमानाला त्याच्याच घरात लहान करायचं नसतं, चाचा. शिवाय कॉफी व्हायची होती.
नौफ हसायला लागली. भिंतीला टेकून, डोळे पुसत हसत राहिली. महिन्याभराने हसली. ह्या घरात महिनाभर ते ऐकू येत नव्हतं, हे मला आज कळलं. राजा मेशाची शपथ, फार बरं वाटलं आणि फार लाज वाटली.
दगड टाक्यावर परत ठेवला, अक्षरं वर करून. बसलो. बूट काढले.
उंटीण सरळ टाक्यापाशी आली, माझ्या खांद्यावरून मान घातली आणि काढून ठेवलेलं बादलीभर पाणी पिऊन मोकळी झाली. कुणाला विचारलं नाही.
ही म्हणाली, तिला वाचता येतं.