मोरिवलीच्या विहिरीतलं निळं

अंबरनाथ,
रविवार, १७ मे १९८७

प्रिय पद्मजा,

आधी ‘स. न. वि. वि.’ लिहिलं आणि खोडलं. आपल्यात ते कधी नव्हतं. नाशिकला तुझ्या शाळेला सुट्टी लागली असेल. इकडे आईचे गुडघे तसेच, बाकी ठीक. चार वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, बातमी आनंदाची आहे. लग्नाची नाही गं! व्हिव्हियानाइट! पद्मा, कॉलेजच्या पुस्तकातलं ते निळं खनिज मी खरंखुरं हातात धरलं!

मंगळवारी मोरिवलीची कौसाबाई दहा-बारा माणसं घेऊन आमच्या रंगाच्या कंपनीच्या गेटवर आली. बुजलेल्या जुन्या तळ्याच्या जागी त्यांनी विहीर खणायला घेतली आहे. दोन पुरुष खोलीवर काळा, घाण वासाचा चिखल लागला. त्यात गुरांची जुनी हाडं, आणि हाडांवर शाईसारखा निळा थर. गावाने एकच अर्थ काढला, कंपनीचा रंग जमिनीतून उतरला. खणणं थांबलं. कौसाबाईचा दीर बाळाजी म्हणत होता, बुजवून टाका. नळाला तिथे तीन दिवसांनी पाणी येतं.

साहेब मला म्हणाले, “नमुना आणा आणि आपला नाही असं लिहून द्या.” तपासण्याआधीच!

मलाही आपलाच वाटला होता. पण तो पाण्यात रंग सोडेना, स्पिरिटमध्येही सोडेना. नखाने ओरखडा उठत होता. परीक्षानळीत तापवला तर नळीच्या वरच्या भागात थेंब जमले. कोरड्या खड्यातून पाणी! मग आम्लात विरघळवून मॉलिब्डेट घातलं, तर पिवळाधमक साका. फॉस्फेट! लोहही मिळालं. मी एकटीच टाळ्या वाजवायला लागले. झाडू मारणारी रखमा म्हणाली, “बाई, लॉटरी लागली का?”

किती गोष्टी जुळाव्या लागल्या असतील, बघ. हाडांतलं फॉस्फेट, आपल्या काळ्या दगडातलं लोह, आणि वर पाणी साचलेलं म्हणून हवा नाही. अशा जागी हे खनिज कणाकणाने जमतं आणि पाणी आपल्या रचनेतच बसवून घेतं. वजनाच्या पाव हिश्शाहून जास्त नुसतं पाणी! जमिनीत असतं तोवर जवळजवळ बिनरंगी. हवा-उजेड लागला की त्यातलं लोह बदलतं आणि ते निळं होतं. कॉलेजात आपण दोघींनी ते वाक्य नुसतं पाठ केलं होतं.

शुक्रवारी सकाळी धावतच मोरिवलीला गेले आणि सगळं सांगितलं. मग कौसाबाई म्हणाली, “बाय, तुमी कंपनीच्या. कंपनी रंग सोडती त्या नाल्याचं पानी चांगलं हाय म्हनून तेव्हा पन तुमीच लिवून दिलं व्हतं.”

मी म्हटलं, “माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः बघा.”

साडी खोचून शिडीने खाली उतरले. बाळाजीने ताज्या चिखलातून पांढरट गोळा काढला. मी तो मोडला. अर्धा तसाच चिखलात लिंपून डब्यात बंद केला, अर्धा वर नेऊन उन्हात ठेवला. सगळे गोल करून बसलो. कौसाबाईने चहा केला. चहा संपेपर्यंत कडा निळसर झाल्या, तासाभरात वरचा सगळा भाग निळा! डबा उघडला तर आतला अजून फिकट. पोरं ओरडली. बाळाजी गोळा उलटापालटा करत हसत सुटला. मीही हसत होते.

तेवढ्यात कौसाबाई शांतपणे म्हणाली, “हे खरं, मानलं. मंग तवाचं?”

पद्मा, तुला पत्र लिहिणं मी याच उत्तराच्या भीतीने चार वर्षं टाळलं. मी सांगितलं, “ते खोटं होतं.”

तिची म्हैस माझा तो कागद आल्यावर पुन्हा नाल्यावर जायला लागली आणि दोन महिन्यांत मेली. कौसाबाई कप उचलून आत गेली.

काल मी अहवाल दिला. पहिल्या परिच्छेदात लिहिलं की विहिरीतला निळा थर नैसर्गिक आहे. दुसऱ्यात, नाल्याच्या पाण्याबद्दल त्र्याऐंशी साली मी दिलेला अहवाल खोटा होता आणि तो मी मागे घेते. साहेब म्हणाले, “पहिला सुरेख आहे. दुसरा काढा.” मी म्हटलं, मग पहिल्यावर कोण विश्वास ठेवेल? दुसरी प्रत मी त्याआधीच प्रदूषण मंडळाला रजिस्टरने पाठवली होती. उद्या मला गेटमधून आत सोडतील की नाही, माहीत नाही. पण विहीर पुन्हा खणायला घेतली आहे. पाणी लागलं की आधी तपासायचं, मग प्यायचं, असं ठरलंय. कौसाबाईने निरोप धाडलाय, तपासायला मीच यायचं.

नाल्याचे खरे आकडे तुझ्या वहीत आहेत. तू त्या अहवालावर सही केली नाहीस, राजीनामा दिलास, टेबल आवरलंस; तेव्हा मी तुझ्याकडे पाठ फिरवून बाटल्या पुसत राहिले. पुसायला एकही बाटली उरली नव्हती. माझ्यासाठी काही करू नकोस. वही तेवढी मंडळाला पाठव.

तू बरोबर होतीस, आणि ते मला त्याच दिवशी माहीत होतं.

कुमुदिनी