जुना कॉम्प्युटर अण्णांच्या खोलीत

३ मार्च, सोमवार

आला एकदाचा नवा कॉम्प्युटर! कॉम्प्युटरवाल्या बाई दुपारभर बसून होत्या. लोकांचे मेल-पत्ते, जुन्या मेल, सेटिंग्ज – सगळं जुन्यातून नव्यात नेलं. माझा जीव टांगणीला. भिंगरीची एकही मेल हरवायला नको. लेक जहाजावर इंजिनियर. भर समुद्रात फोन लागत नाही, रविवारी मेल येते तेवढाच काय तो आधार.

जुना अण्णांच्या खोलीत गेला, पत्ते खेळायला. बाई म्हणाल्या, "यातलं मेलचं खातं काढून टाकते." म्हटलं, "नको हो! एक चित्र जरी जागचं हललं तरी सासरे घर डोक्यावर घेतील." मग सगळं होतं तसंच ठेवलं.

५ मार्च, बुधवार

अक्षरं मुंगीएवढी. मोठी केली तर अर्धं पान पडद्याबाहेर. यांनी "मदत" केली – आता मेल आली की कॉम्प्युटर कुत्र्यासारखा भुंकतो. बंद कसं करायचं ते यांनाही ठाऊक नाही.

९ मार्च, रविवार

मेल नाही. कुत्रं भुंकलं की धावते – पाण्याचं बिल, नाहीतर चपलांची जाहिरात.

१० मार्च, सोमवार

बंदराला लागले असतील, कामाची घाई असेल. शेवटी मीच लिहिलं – कशी आहेस, एक ओळ तरी पाठव.

१३ मार्च, गुरुवार

उत्तर नाही. नको असलेल्या मेलच्या टोपलीतसुद्धा शोधून झालं. बाईंना फोन केला. म्हणाल्या, "बाकीच्या येताहेत ना? मग सेटिंग ठीक आहे. नसेल पाठवली तिनं."

नसेल पाठवली! माझी भिंगरी? ती तापात असली तरी लिहिते. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही, भात करपला.

१६ मार्च, रविवार

आजही नाही.

जेवताना यांनी विचारलं, "आली का मेल?" अण्णा समोरच. पोर जहाजावर निघाली त्या दिवसापासून त्यांनी तिचं नाव टाकलंय. "मुलीच्या जातीनं समुद्रावर जायचं? माझ्यासमोर तिचा विषय काढायचा नाही," असं बजावून ठेवलेलं. काही खबर नाही म्हटलं असतं तर 'सांगत होतो' ऐकावं लागलं असतं. ताटाकडे बघत म्हटलं, "आली की. मजेत आहे."

"मजेत म्हणे," अण्णा पुटपुटले आणि हात धुवायला उठले.

टोमणा मारल्याशिवाय घास उतरत नाही त्यांना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी भाजीच्या तिखटावर ढकललं.

१८ मार्च, मंगळवार

तिच्या कंपनीत फोन केला. "जहाज वेळेवर आहे, मॅडम." आणि माणसं? "तसं काही कळवलेलं नाही." तसं म्हणजे कसं – हे विचारायचं फोन ठेवल्यावर सुचलं. मन चिंती ते वैरी न चिंती.

यांना खरं सांगून टाकलं. म्हणाले, "जहाज ठीक म्हणजे पोरही ठीक." मग पाण्याचा ग्लास घेऊन खिडकीशी उभे राहिले. प्यायले मात्र नाहीत.

२० मार्च, गुरुवार

सापडल्या!

सकाळी बाईंना पुन्हा फोन केला. बोलता बोलता रडूच फुटलं. त्या एकदम म्हणाल्या, "जुना कॉम्प्युटर अजून चालू असतो का?" म्हटलं, दिवसभर. अण्णांचा डाव संपतोय कुठे! "मग तोच खातोय तुमच्या मेल. तुमच्या खात्यात मेल एकदा एका कॉम्प्युटरवर उतरली की वरच्या साठ्यातून पुसली जाते, दुसऱ्यावर येत नाही. जो आधी ओढेल त्याची. म्हणून तर काढू म्हणत होते!"

अण्णा फिरायला गेले होते. मी धावतच त्यांच्या खोलीत गेले. इतर सटरफटर मेलच्या गर्दीत भिंगरीच्या रविवारच्या दोन्ही मेल आहेत, माझ्या मेलचं उत्तरही आहे. तिथेच खुर्चीत बसून पोटभर रडून घेतलं. तिच्या मनगटाला वाफेचा चटका बसला होता, आता बरं आहे म्हणते. आणि शेवटच्या मेलमध्ये – "आई, आणखी सहा महिने थांबशील का म्हणून विचारताहेत. वरच्या परीक्षेसाठी लागणारा अनुभव पुरा होईल. पण तू हो म्हणालीस तरच. नाहीतर पुढच्या महिन्यात घरी."

तिच्या मेल सगळ्या उघडलेल्या दिसल्या. पत्ते खेळताना अण्णांची टिचकी पडली असेल. विचारलं नाही, उगाच वाद नको.

संध्याकाळी बाईंनी येऊन आलेल्या मेल तेवढ्या नव्यात नेल्या आणि जुन्यावरचं खातं काढून टाकलं. मी लगेच लिहिलं – ये. पुरे झालं. माझ्यात आता धीर उरला नाही.

२१ मार्च, शुक्रवार

तिची खोली आवरायला घेतली. अण्णा दारात. "हे कशाला?"

"येतेय ती. पुढच्या महिन्यात."

"येतेय? कोण म्हणालं?" मी काही बोलायच्या आत वळून गेले. दुपारभर पत्ते लावले नाहीत.

२३ मार्च, रविवार

भिंगरीची मेल.

"आई, असं काय करतेस? बुधवारी तर तू लिहिलंस – 'खुशाल थांब. हाती घेतलेलं अर्ध्यावर टाकू नये. मनगटाला जप.' किती बरं वाटलं मला! त्याच दिवशी सही करून टाकली. आता माघार कशी घेऊ? आणि आजोबांना इतक्यात सांगू नकोस, भडकतील."

बुधवारी मी तिला एक अक्षरही लिहिलं नव्हतं. जुन्या कॉम्प्युटरवर फक्त अण्णा बसतात.