समोरची गाडी समोरच राहू द्यावी

प्रति,
मा. सचिव साहेब,
घाट बाजार व्यवस्था समिती,
मौजे नवाघाट, ता. शहादा, जि. नंदुरबार

विषय : अर्जदारास घाटावर एकट्यानेच भत्ता विकण्याचा मिळालेला मान परत घेणेबाबत.
संदर्भ : समितीचा ठराव, ‘घाटावर एका मालाचे एकच दुकान’.

महोदय,

खुर्ची जरा अलीकडे ओढून घ्यावी. दिसायला हा अर्ज असला तरी आत एक आख्यान आहे, आणि आख्यान दुरून ऐकू नये.

सदर घाटावर रतनलाल लाहोटी नावाचा दुकानदार, म्हणजे प्रस्तुत अर्जदार, कुरमुऱ्यांचा भत्ता विकतो. पूर्वी तो एकटाच होता. माणूस कीर्तनवेडा. मृदंगावर थाप पडली की गल्ला तसाच टाकून मंडपात पळे, मागे गिऱ्हाईक उन्हात उभे. भत्ता सकाळी कालवलेला, दुपारी मऊ. तरी खपे, कारण खाणाऱ्याला दुसरीकडे जायला जागा नव्हती.

मग समोर फुलवंताबाईंनी हातगाडी लावली. पहिल्याच बाजारी भर गर्दीत त्यांनी हाळी दिली, “ओ शेठ, तुमना भत्ता वाजस का झोपी जास?” अख्खा घाट हसला. अर्जदाराच्या सौभाग्यवती पतासीबाई सर्वांत जास्त हसल्या, याची नोंद घ्यावी.

त्या दिवसापासून अर्जदार शेंगदाणे ताजे भाजू लागला. बाईंनी लिंबू पिळले. याने कैरी किसली. त्यांनी केळ्याचे वेफर चुरून घातले, तेव्हा याने पुडीच मोठी केली. प्रकाशा तीर्थाला निघालेले यात्रेकरू मुद्दाम इथे उतरू लागले. कुरमुऱ्यांची भट्टी फक्त बाजाराच्या दिवशी पेटवणारा उखा भडभुंजा आता ती रोज पेटवतो. मेहुण्यालाही त्याने हाताशी घेतले आहे. देशाची भरभराट म्हणतात ती याहून फार निराळी असेल असे अर्जदारास वाटत नाही. तिथे कुरमुरे कमी असतील, इतकेच.

आता समितीने शिस्तीसाठी जुन्या दुकानाचा मान राखून फुलवंताबाईंना यंदाचा कीर्तन सप्ताह बसण्यापूर्वी गाडी हलवण्यास सांगितले आहे. हेतू चांगलाच. परंतु साहेब, कीर्तनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर कशासाठी? एक चढली की दुसरीला चढावेच लागते, आणि बुवांना रंग भरतो. एक रांग घरी पाठवा, उरलेली जांभया देईल. अर्जदार स्वतःला ओळखून आहे. ठराव ऐकताच पतासीबाई म्हणाल्या, “झालं! भत्ता पुन्हा मऊ, आणि तुम्ही मंडपात.”

फुलवंताबाईंचे तर घरच त्या गाडीवर चालते. काल त्या गाडीच विकायला काढून धूत होत्या. “शेठ, आते एकलाच आरोळ्या मारा,” म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत. ते अर्जदारास सोसवले नाही.

सबब नम्र विनंती की, ठराव मागे घ्यावा व गाडी टोमणा ऐकू येईल इतक्या अंतरावर ठेवावी. जागा कमी पडल्यास अर्जदार आपला ओटा मागे सरकवील.

आपला नम्र, आणि सध्या नको तितका एकटा,
रतनलाल लाहोटी
दि. ६ जानेवारी २०२५

सोबत : भत्त्याच्या दोन पुड्या. कोणती कोणाची, हे मुद्दाम लिहिलेले नाही. जी आधी संपेल, ती फुलवंताबाईंची समजून सही करावी.